मूक वाद्यवृंद : ‘साय स्नूटल्स अँड द रीबो बँड’ या संग्राह्य खेळणी-संचाची समीक्षा

सारांश

अमेरिकेतील केनर या खेळणी-उत्पादक कंपनीने १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटाच्या निमित्ताने तीन परग्रहवासी वादक-गायकांचा एक संच बाजारात आणला. प्रस्तुत लेखात या संचाकडे एक सांस्कृतिक संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. खेळणे हे मूळ कलाकृतीची निव्वळ प्रतिकृती नसून तिचे एक वाचन असते. या वाचनात काही गोष्टींची भर पडते, काही वगळल्या जातात, आणि मूळ कलाकृती बदलली तरी खेळणे मात्र बदलत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : खेळणे, प्रतिकृती, संग्रह, वाद्यवृंद, राजाश्रय, पाठभेद.

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी, नाटक आणि अलीकडे चित्रपट यांचा साक्षेपी विचार केला आहे. खेळण्यांचा विचार मात्र तिने प्रायः बालमानसशास्त्राकडे किंवा लोककलेच्या अभ्यासकांकडे सोपविला. सावंतवाडीची लाकडी खेळणी, भातुकलीची भांडी, पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या यांवर लिहिले गेले ते ‘परंपरा’ या सदराखाली. कारखान्यात साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्याला आपण संहितेचा दर्जा दिलेला नाही. हे खेळणे परके आहे, व्यापारी आहे आणि मुलांचे आहे, अशी तीन कारणे त्यामागे संभवतात. यांपैकी एकही कारण समीक्षेला पुरेसे नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्या विद्यार्थ्यांच्या पिढीची कल्पनासृष्टी ज्या वस्तूंनी घडविली, त्या वस्तूंचे वाचन करण्याची साधने आपल्याजवळ नसतील, तर ती उणीव त्या वस्तूंची म्हणता येणार नाही.

पाश्चात्त्य विचारविश्वात या विषयाची परंपरा जुनी आहे. बोदलेअरने १८५३ मध्येच खेळण्यांवर निबंध लिहून, खेळणे मोडून त्याचा आत्मा शोधू पाहणाऱ्या मुलाकडे लक्ष वेधले. रोलाँ बार्थ याने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये आधुनिक खेळणी मुलाला निर्माता न होऊ देता केवळ वापरकर्ता बनवितात, अशी तक्रार केली आणि लाकडाच्या तुलनेत प्लॅस्टिकला कमी लेखले. वॉल्टर बेन्यामिनने खेळण्यांवरही लिहिले आणि संग्राहकाच्या वृत्तीवरही लिहिले. सुझन स्ट्युअर्ट यांच्या १९८४ च्या ‘ऑन लाँगिंग’ या ग्रंथात लघुरूप आणि संग्रह यांचा एकत्रित विचार आढळतो. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत संचाचे परीक्षण येथे केले आहे.

हा संच प्रस्तुत लेखकाने प्रथम पाहिला तो न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मामेभावाच्या घरी. त्याच्या संचातील एक ध्वनिक्षेपक हरवला होता आणि बासरीच्या जागी एक अर्धी काडेपेटीची काडी होती. लेखाच्या अखेरीस या काडीकडे पुन्हा वळावयाचे आहे.

२. संज्ञाविचार : बाहुली की ‘अ‍ॅक्शन फिगर’?

प्रथम संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. ‘अ‍ॅक्शन फिगर’ ही संज्ञा हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ या सैनिक-बाहुलीच्या विक्रीसाठी रूढ केली. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत, या भीतीपोटी ‘बाहुली’ हा शब्दच टाळण्यात आला. म्हणजे ही संज्ञा वस्तूचे वर्णन करीत नाही. ती एक सामाजिक संकोच झाकते. मराठीत आपण ‘बाहुली’, ‘बाहुला’, ‘पुतळी’ हे शब्द वापरतो. त्यांत कृतीची अट नाही. कळसूत्री बाहुली राजाची असो वा राणीची, ती बाहुलीच असते.

या संज्ञेतील ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे व्यवहारात युद्ध. केनरच्या बहुतेक पुतळ्यांच्या हातात शस्त्र असते. प्रस्तुत संचातील तिघांच्या हाती मात्र शस्त्र नाही. गाणे आणि वाजविणे एवढीच त्यांची कृती, आणि प्लॅस्टिकच्या पुतळीला नेमकी तीच अशक्य आहे. तलवार उगारलेली पुतळी निदान तलवार उगारते. गाणारी पुतळी गात नाही. त्यामुळे हा संच आपल्या प्रकाराच्या व्याख्येवरच एक प्रश्नचिन्ह उभे करतो. पुतळी मूक असल्यामुळे गाणे मुलाला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. बार्थची तक्रार येथे पूर्णांशाने लागू पडत नाही, असे म्हणावयास जागा आहे.

३. मूळ दृश्याचे स्वरूप

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील मद्यगृहाच्या प्रसंगात परग्रहवासी वादकांचा एक ताफा आहे. फिग्रिन डॅन आणि मोडल नोड्स या नावाने तो पुढे ओळखला जाऊ लागला. जॉन विल्यम्स यांनी या प्रसंगासाठी सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, कॅरिबियन स्टील ड्रम आणि विद्युत्-वाद्ये यांचा मेळ घालून जॅझच्या वळणाचे संगीत रचले. दूरच्या काळातील जीवांना १९३० च्या दशकातील स्विंग संगीत कोठेतरी पुरलेले सापडावे आणि त्यांनी ते आपल्या परीने वाजवावे, अशी दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांची कल्पना होती. या संगीताचा अंतर्भाव असलेली मेको याची डिस्को धाटणीची ध्वनिमुद्रिका १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये बिलबोर्डच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. एवढ्या लोकप्रियतेनंतरही या पहिल्या वाद्यवृंदाच्या पुतळ्या केनरने त्या काळात काढल्या नाहीत. त्यांना १९९७ पर्यंत वाट पाहावी लागली.

खेळण्याचा मान मिळाला तो दुसऱ्या वाद्यवृंदाला. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये जबा द हट या गुन्हेगार सरदाराच्या महालात एक दरबार भरतो. तेथे निळ्या वर्णाचा, सोंडेसारखे नाक असलेला मॅक्स रीबो वर्तुळाकार वाद्यावर साथ करतो. लांब देठासारख्या मुखाची साय स्नूटल्स गाते. आणि गोलमटोल ड्रूपी मकूल सुषिर वाद्य वाजवितो. रीबोच्या वेशात सायमन विल्यमसन होते. साय ही तारा आणि दांड्या यांच्या साहाय्याने चालविलेली बाहुली होती व ती टिम रोझ आणि माइक क्विन यांनी हलविली. ड्रूपीच्या जाड कातडीच्या आत डीप रॉय हे नैरोबीत जन्मलेले भारतीय वंशाचे अभिनेते होते. परग्रहवासी म्हणून जो देह आपण पाहतो, त्याच्या आत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका भारतीय कुटुंबातील माणूस घामाघूम होत उभा असतो, ही गोष्ट ‘परका’ या कल्पनेचा विचार करताना विसरता येणार नाही.

येथे एक साखळी स्पष्ट होते. पडद्यावरील साय ही मुळातच बाहुली आहे. तिची पुतळी म्हणजे बाहुलीची बाहुली होय. पिंगुळीच्या खेळात सूत्रधाराची बोटे आणि बाहुली यांच्यामधील दोरी प्रेक्षकाला माहीत असते. चित्रपटाने ती दोरी लपविली. खेळण्याने ती कापून टाकली आणि सूत्रधाराची जागा मुलाच्या हाताला दिली.

४. संचाचे वर्णन आणि रूपविचार

संचात तीन पुतळ्या, रीबोचे वर्तुळाकार वाद्य, ड्रूपीची बासरी आणि दोन ध्वनिक्षेपक आहेत. केनरच्या सुट्या पुतळ्या पुठ्ठ्याच्या कार्डावर पारदर्शक फुग्यात बंद करून विकल्या जात. हा संच मात्र खोक्यात आला. केनरने १९७८ पासून रूढ केलेले पावणेचार इंचांचे, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे प्रमाण येथेही पाळले आहे. हे प्रमाण लहान असल्यामुळेच पुतळ्यांच्या मापाची याने आणि महाल बनविणे परवडू लागले, आणि एकेका पुतळीऐवजी संपूर्ण सृष्टी विकणे शक्य झाले. १९७८ ते १९८५ या काळात केनरने या मालिकेत नव्वदहून अधिक पुतळ्या काढल्या.

रूपाच्या दृष्टीने तिघांची निवड लक्षणीय आहे. एक बसका व रुंद, एक उंच व काटकुळी, एक गोल व जड. तीन आकृत्यांची ही विषम जुळणी पाहताक्षणी त्यांचे नाते सांगते. वाद्यवृंद म्हणजे भिन्न आवाजांचा मेळ. येथे आवाज नाही म्हणून भिन्न देहांचा मेळ साधला आहे. ही शिल्पकाराची खरी समज होय. मालिकेतील अनेक सैनिक-पुतळ्या एकाच ठशाच्या आहेत. त्यांच्या शेजारी हे त्रिकूट ठेवले असता त्याचे वेगळेपण अधिक जाणवते.

मराठी दर्शकाला रीबोची सोंड पाहून आणखी एक आठवण होणे अपरिहार्य आहे. गौरी-गणपतीच्या दिवसांत तबला, सनई, पेटी वाजविणाऱ्या लहान गणेशमूर्तींचे संच आपल्या बाजारपेठांत मांडलेले असतात. हे साम्य प्रभावाचे नव्हे, ग्रहणाचे आहे. परंतु ते उद्बोधक आहे. वादक गणेशाची सोंड कलेच्या अधिष्ठात्याची खूण असते. रीबोच्या स्वभावचित्रणात मात्र तिचा संबंध खादाडपणाशी जोडला गेला. १९९५ च्या ‘टेल्स फ्रॉम जबाज पॅलेस’ या कथासंग्रहातील रीबो मानधनाऐवजी केवळ जेवणावर करार करून मोकळा होतो. विनोदासाठी रचलेला हा तपशील पुढील विवेचनात वेगळा अर्थ धारण करतो.

संचाच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. सायच्या देहाची सारी मोहिनी तिच्या डोलण्यात होती, आणि ताठ प्लॅस्टिकमध्ये ती लय उतरत नाही. तिची अरुंद पावले आणि बारीक पाय यांमुळे ती उभी ठेवणे हा एक स्वतंत्र उद्योग होतो. ध्वनिक्षेपक व बासरी हे भाग इतके लहान आहेत की ते हरवण्यासाठीच केले असावेत, असे कोणाही पालकास वाटेल.

५. रीबोच्या पायांचा प्रश्न

चित्रपटात रीबोचा अर्धा देह वाद्याच्या वर्तुळात दडलेला असतो. त्याला पाय आहेत की नाहीत, हे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. चित्रपटाला हा प्रश्न टाळता आला. खेळण्याला टाळता आला नाही. वाद्यातून उचलून बाहेर काढता येणारी पुतळी करावयाची तर कमरेखाली काहीतरी असावे लागते. केनरने रीबोला आखूड, जाडजूड पाय दिले.

पुढे या प्राण्याची मूळ कल्पना दोनच अवयवांची होती, ज्यांना आपण हात समजतो ते वस्तुतः पायच होत, अशी मांडणी झाली आणि रसिकांमध्ये तो दीर्घ चर्चेचा विषय ठरला. बाह्यतः ही चर्चा क्षुल्लक वाटेल. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तीत ओळखीचा प्रश्न दिसावा. संहितेने जे सांगितले नाही, ते भरून काढण्याचा अधिकार कोणाचा? लेखकाचा, भाष्यकाराचा की वाचकाचा? नाटकाच्या प्रयोगात संहितेत नसलेली हालचाल नट करतो, तेव्हा तो संहितेवर भाष्यच करीत असतो. केनरच्या कारागिराने पाय देऊन असेच भाष्य केले. ते कदाचित चुकीचे असेल. पण ते हाताळता येणारे भाष्य होते, आणि ज्यांनी बालपणी ते हाती धरले त्यांच्यापुरते तेच प्रमाण ठरले. खेळणे हे मूळ कलाकृतीचे वाचन असते, या विधानाचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

६. दरबारातून वगळलेले

वाचनात जशी भर असते, तशी वगळणीही असते. प्रस्तुत संचाच्या संदर्भात ती अधिक गंभीर आहे.

रीबोचा वाद्यवृंद कोठे वाजवितो? तो गुलामांच्या दरबारात वाजवितो. त्याच मैफिलीच्या ओघात जबा आपल्या नर्तकीला, ऊलाला, साखळीने जवळ ओढतो. ती विरोध करते. तो पायाखालची झडप उघडतो आणि ती खालील तळघरातील रँकोर या पशूच्या भक्ष्यस्थानी पडते. ही भूमिका फेमी टेलर यांनी केली होती. पुढे राजकन्या लेआ हीच त्या साखळीला बांधली जाते. म्हणजे ज्या दृश्याला आपण ‘करमणुकीचे’ म्हणतो, त्याच्या केंद्रस्थानी दास्य आहे आणि संगीत त्याची पार्श्वभूमी आहे.

आता त्या काळची खेळणी पाहू. १९८३ मध्ये केनरने जबा आणि त्याचे सिंहासन काढले. त्याच वर्षी वाद्यवृंद काढला. १९८४ मध्ये रँकोर काढला. सत्ताधीश आला, गायक-वादक आले, हिंस्र पशूही आला. आली नाही ती ऊला, आणि साखळीतील लेआही आली नाही. या दोघींच्या पुतळ्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाल्या, जेव्हा ग्राहक केवळ मूल राहिले नव्हते, प्रौढ संग्राहकही झाला होता.

लहान मुलांना अशा पुतळ्या देणे उचित नव्हते, असे समर्थन करता येईल आणि ते चूक नाही. परंतु मुलांना हिंस्र पशू देणे उचित मानले गेले आणि त्याचे भक्ष्य देणे अनुचित मानले गेले, ही निवड बोलकी आहे. अत्याचाराचे साधन राहिले, अत्याचारित व्यक्ती नाहीशी झाली. त्यामुळे खेळण्यातला जबाचा दरबार चित्रपटातल्यापेक्षा अधिक निरागस झाला आणि वाद्यवृंदाची नैतिक अडचण सुटली. लेआची निरनिराळ्या पोशाखांतील रूपे सोडल्यास या जुन्या मालिकेत स्त्री-पात्रे नगण्य आहेत. त्या पार्श्वभूमीवर साय स्नूटल्स ही एक महत्त्वाची स्त्री-पुतळी ठरते, आणि ती त्या दरबारात टिकून राहते ती गाते म्हणून.

राजाश्रय आणि कलावंत यांचा हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. पेशवाईतील लावणी आणि तिचा आश्रय यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तेथेही गाण्याचे कौतुक झाले. गाणारीच्या स्वातंत्र्याचा विचार फार उशिरा झाला. दोन परिस्थितींची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र जेवणावर वाजविणारा रीबो आणि साखळीतली ऊला ही एकाच आश्रयाची दोन टोके आहेत, हे ध्यानी घेतल्याशिवाय या संचाचे वाचन पुरे होत नाही. रीबोच्या कराराचा विनोद येथे विनोद राहत नाही.

७. बदललेले गीत, न बदललेली पुतळी

१९८३ च्या चित्रपटात साय जे गीत गाते त्याचे नाव ‘लाप्टी नेक’. संगीत जॉन विल्यम्स यांचे, तर शब्द जोसेफ विल्यम्स आणि अ‍ॅनी आर्बोगास्ट यांनी एका काल्पनिक भाषेत रचले. गायनही आर्बोगास्ट यांचेच होते. १९९७ मध्ये या चित्रत्रयीची ‘विशेष आवृत्ती’ प्रदर्शित झाली. त्या वेळी हे गीत काढून त्या जागी जेरी हे यांचे ‘जेडाय रॉक्स’ घालण्यात आले. साय संगणकाद्वारे नव्याने घडविण्यात आली, तिच्या जोडीला जो योझा हा गायक आला, आणि तिघांचा ताफा बारा जणांचा झाला. फेमी टेलर यांना ऊलाच्या अधिक दृश्यांसाठी पुन्हा पाचारण करण्यात आले.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे. आपण ज्ञानेश्वरीची प्रत पाहतो तेव्हा मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, असा प्रश्न विचारतो. तेथे लेखनिकांच्या हातून पाठ बदलला. येथे कर्त्यानेच आपला पाठ बदलला आणि पुढील प्रसारासाठी बदललेला पाठ पुढे केला. मूळ चित्रपट २००६ मध्ये मर्यादित डीव्हीडी आवृत्तीत जोडपुरवणीच्या रूपाने उपलब्ध झाला, परंतु प्रमाण पाठ म्हणून सुधारित आवृत्तीच वावरत राहिली.

अशा परिस्थितीत १९८३ चा संच हा जुन्या पाठाचा एक साक्षीदार ठरतो. त्यात तीनच वादक आहेत. त्यातली साय ही संगणकातली नव्हे, तारांवरची आहे. ते गीत ऐकावयाचे तर १९८३ च्या ध्वनिमुद्रिकेकडे जावे लागते. पण ते गाणारी कशी होती, हे हाती धरून पाहावयाचे तर या पुतळीकडे जावे लागते. कर्त्याने आपल्या कलाकृतीत फेरफार करावा की नाही हा स्वतंत्र वाद आहे. लाखो घरांत पोहोचलेली वस्तू मात्र त्याला परत बोलावता येत नाही. बाजाराने निर्माण केलेली ही वस्तू या अर्थाने अभिलेखागाराचे कार्य करते. व्यापारी वस्तूविषयी आपल्या मनात असलेल्या सरसकट अढीला हे उदाहरण छेद देते.

८. संच, जोडी आणि संग्रह

१९९८ मध्ये हॅस्ब्रोच्या अधिपत्याखाली या वाद्यवृंदाच्या नव्या पुतळ्या आल्या. हॅस्ब्रोने १९९१ मध्ये टोंका कंपनीबरोबर केनरही ताब्यात घेतली होती. नव्या पुतळ्या अधिक रेखीव होत्या, परंतु त्या जोड्यांनी विकल्या गेल्या : मॅक्स रीबोबरोबर डोडा बोडोनाविडो, ड्रूपी मकूलबरोबर बार्किन डॅन, आणि साय स्नूटल्सबरोबर जो योझा. वॉलमार्ट या दुकान-साखळीपुरती ही विक्री मर्यादित होती. परिणामी मूळचे त्रिकूट एकत्र आणावयाचे तर तीनही जोड्या विकत घेणे भाग होते.

हा फरक केवळ विक्रीचा नाही. १९८३ च्या खोक्याचे एकक ‘वाद्यवृंद’ हे होते. एकटा ड्रूपी कोणी मागितला नसता. तो संचात आला म्हणून मुलांच्या हाती पडला. दुय्यम वादकाला संचामुळे अस्तित्व मिळाले. १९९८ चे एकक ‘अपूर्णता’ हे आहे. प्रत्येक जोडी उरलेल्या जोड्यांची उणीव निर्माण करते. स्ट्युअर्ट यांच्या विवेचनात संग्रह वस्तूला तिच्या मूळ संदर्भातून काढून स्वतःच्या क्रमात बसवितो. येथे तो क्रम उत्पादकानेच आधी आखून ठेवला आहे.

याचेच पुढचे रूप म्हणजे न उघडलेला खोका. जुन्या खेळण्यांना गुण देऊन ती पारदर्शक कवचात बंद करणारी व्यवस्था आज प्रस्थापित आहे. बोदलेअरचे मूल खेळणे मोडून त्याचा आत्मा शोधीत असे. आजचा संग्राहक खोका न उघडता त्याचा आत्मा राखू पाहतो. दोघेही आत्म्याच्याच शोधात आहेत, असे म्हणता येईल. पण वाद्यवृंदाच्या बाबतीत न उघडलेला खोका म्हणजे कधीच न झालेली मैफल होय. संग्राहकाच्या साक्षेपाने या वस्तू टिकल्या आणि मागील विभागात मांडलेला अभिलेखागाराचा मुद्दा त्याच साक्षेपावर उभा आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणणे प्राप्त आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) खेळणे मूळ कलाकृतीतील रिकाम्या जागा भरते आणि त्यामुळे ते भाष्याचे कार्य करते. रीबोचे पाय हे त्याचे उदाहरण होय.

२) खेळणे मूळ कलाकृतीतील अप्रिय अंश गाळते. वाद्यवृंद, सत्ताधीश आणि पशू यांना ठेवून नर्तकीला वगळल्यामुळे दरबाराचे स्वरूप बदलले. हे गाळणे मुलांच्या हिताचे असले तरी निरर्थक नाही.

३) मूळ कलाकृतीत कर्त्याने फेरफार केल्यास खेळणे जुन्या पाठाचा साक्षीदार बनते.

४) संच हे एकक दुय्यम घटकांना स्थान देते, जोडी वा सुटी विक्री त्यांना केवळ मालिकेतील क्रमांक बनविते.

१०. समारोप

हा लेख योजला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, “सर, महाविद्यालयाच्या नियतकालिकात खेळण्यावर लिहिणार का?” असा प्रश्न केला होता. त्यांचा संशय सद्हेतूचा होता. त्याचे उत्तर पुन्हा त्या काडेपेटीच्या काडीत आहे.

मामेभावाला बासरी कधी हरवली ते आठवत नव्हते. काडी मात्र त्याला पक्की आठवत होती. आईने देवापुढची काडेपेटी लपवून ठेवायला सुरुवात केली, ती या ड्रूपीमुळे. चार दशके तो पुतळा गुल नसलेली काडी हाती धरून वाजवीत आहे. गुण देणाऱ्या व्यवस्थेच्या लेखी हा संच अपूर्ण आणि म्हणून जवळजवळ निर्मूल्य आहे. परंतु आपण वाचक ज्याला संहितेचे ग्रहण म्हणतो, ते या काडीहून वेगळे नाही. मूळ वस्तूतील उणीव आपल्या घरातल्या वस्तूने भरून काढणे, आणि परक्या देशातल्या, परक्या ग्रहावरच्या वादकाच्या हाती आपल्या देव्हाऱ्यातली काडी देणे, हे ग्रहणच होय.

बेन्यामिनने संग्राहकाचे जे कौतुक केले, ते वस्तूच्या जतनासाठी. त्या कौतुकात वाटा मिळावा असा आणखी एक मनुष्य आहे, तो म्हणजे वस्तू वापरून झिजविणारा. पुतळी स्वतः गात नाही. ती उघडली, हाताळली, हरवली आणि सावरली, म्हणजे तिच्याभोवती गाणे होते. या मूक वाद्यवृंदाचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर उत्तम प्रत ती, जिच्यात काहीतरी हरवलेले आहे आणि त्या जागी कोणीतरी काहीतरी ठेवलेले आहे.